बटाट्याचे बेणे आणि लहान शेतकरी

सोलापूरच्या नवी पेठेत बटाटा घरोघरी बारा महिने शिजतो. सोलापूर जिल्हा मात्र परंपरेने रब्बी ज्वारीचा. केवळ पावसावर बटाटा पिकविणारा प्रदेश पाहावयाचा झाल्यास पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर जावे लागते. पेठ, कुरवंडी आदी गावांतील लहान शेतकऱ्यांचे खरिपातील हे प्रमुख नगदी पीक होय.

बटाटा हा शब्द व हे पीक दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. कंद चांगला पोसण्यास सुमारे 17 ते 20 अंश सेल्सिअस तापमान मानवते. 30 अंशांपुढे कंदधारणा जवळजवळ थांबते. पठारावरील पावसाळी गारवा व निचऱ्याची जमीन यांमुळे तेथे खरिपातही पीक साधते.

पहिल्या पावसानंतर सऱ्या पाडून लागवड होते. कापलेल्या फोडी ओल्या जमिनीत कुजतात. म्हणून पावसाळ्यात अंड्याएवढे अखंड बेणे लावणे हिताचे. पुढे मातीची भर दिली जाते. भर न दिल्यास उघडा पडलेला कंद उन्हाने हिरवा होऊन खाण्यास अयोग्य ठरतो. सुमारे तीन महिन्यांत काढणी होते.

खरी अडचण बेण्याची. हेक्टरी 15 ते 20 क्विंटल बेणे लागते आणि पावसाची शाश्वती नसताना त्याचे पैसे आधीच मोजावे लागतात. पूर्वापार शेतकरी घरचे बटाटे सावलीत आरण लावून, पाचट व कडुनिंबाच्या पाल्याने झाकून राखीत. या आच्छादनामुळे पाकोळीचा उपद्रव कमी होई. परंतु मावा किडीने पसरविलेले विषाणू कंदातच राहत. बेणे वरून निरोगी दिसे, तरी उत्पन्न वर्षानुवर्षे घटत जाई. उत्तरेकडील मैदानांत हिवाळ्याच्या आरंभी मावा अल्प असतो. याच काळाचा लाभ घेऊन डॉ. पुष्करनाथ यांनी तेथे निरोगी बेणे तयार करण्याची पद्धत रूढ केली. पंजाबचे बेणे महाराष्ट्रात येते ते यामुळेच. 1968 साली प्रसारित झालेल्या कुफरी ज्योती या वाणाने करप्याविरुद्धही आधार दिला.

तात्पर्य, घरचे बेणे सर्वस्वी टाकाऊ नव्हे; मात्र ते ठराविक वर्षांनी बदलावे व रोगट झाडे कंदांसह वेळीच उपटावीत. पंचायत सदस्यांनी प्रमाणित बेण्याची सामुदायिक खरेदी घडवून आणल्यास लहान शेतकऱ्याचा भार निश्चितच हलका होईल.