कॅरम स्पर्धा : आधी हिशेब, मग खेळ

ब्राह्मणपुरीसारख्या गावात दुकाने बंद झाल्यावर कॅरमची स्पर्धा भरवणे अवघड नाही. हिशेब मात्र आधी करावा.

बाद पद्धतीत हरणारा बाहेर जातो. म्हणून सामने खेळाडूंपेक्षा एकने कमी. समजा, 22 नावे आली. 8, 16, 32 या दुपटीच्या आकड्यांत पुढचा 32. फरक 10. तेवढ्यांना सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून पुढे चाल द्यावी. उरलेल्या 12 जणांचे 6 सामने झाले की दुसऱ्या फेरीत बरोबर 16 खेळाडू राहतात.

एकूण सामने 21, बोर्ड तीन, सामना अर्ध्या तासाचा. म्हणजे साडेतीन तास, असे वाटते. पण शेवटच्या फेऱ्यांत बोर्ड रिकामे राहतात. साडेचार तास धरावेत.

आता बक्षीस. खेळाडूंच्याच प्रवेश फीतून विजेत्याला बक्षीस देणे जुगारात मोडते, असे बहुतेक उलेमा सांगतात. म्हणून आम्ही सुचवतो, बक्षीस न खेळणाऱ्या एखाद्या दुकानदाराने द्यावे. फी फक्त पावडर, दिवाबत्ती, चहा यांच्या खर्चापुरती घ्यावी आणि जमाखर्च दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लावावा. पेढीची साख जशी जपतो, तशीच स्पर्धेचीही जपावी लागते.