पाण्यातला दगड

मुलांनो, पाण्याला रंग नसतो, वास नसतो, आकार नसतो, हे तुम्ही लहानपणापासून शिकत आला आहात. त्यामुळे जे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, त्यात पाण्यावाचून दुसरे काही नसणार, असे आपण सहज धरून चालतो. मीही अनेक वर्षे तसेच मानीत होतो. या समजुतीपायी माझ्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय घडला. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

आमचे गाव दख्खनच्या पठारावर वसले आहे. गावाला नळाचे पाणी मिळते. परंतु ते नदीचे नव्हे, तर खोल विंधणविहिरींतून उपसलेले असते. दिसायला ते काचेसारखे निर्मळ. तथापि घरात त्याविषयी नेहमीच कुरकुर चाले. डाळ वेळेवर शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, घासून ठेवलेला तांब्या वाळला की त्यावर पांढरे डाग उमटत. "पाणी जड आहे," एवढे म्हणून घरची मंडळी कामाला लागत. मी मात्र त्या बोलण्याकडे कधी लक्ष दिले नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर मी घरी विजेचा गीझर बसवून घेतला. वर्ष पुरे होते न होते तोच त्याची कॉइल जळाली. दुरुस्तीला आलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी होता. त्याने नवी कॉइल बसवली. पुढच्या वर्षी तीही जळाली. तेव्हा माझा संयम सुटला. हलका माल बसवून याने आपल्याला फसवले, असे मी मनाशी ठरवून टाकले. एवढेच नव्हे, तर शेजारच्या दोघांतिघांना तसे बोलूनही दाखवले.

ते बोलणे त्याच्या कानांवर गेले असावे. तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. काही न बोलता त्याने वीज बंद केली, गीझर खाली उतरवला आणि आतील कॉइल काढून माझ्यापुढे ठेवली. तिचा धातू कुठे दिसतच नव्हता. तिच्यावर जाड, पांढरट, खडबडीत थर चढला होता. टाकीच्या तळाशी ओंजळभर खपल्या साचल्या होत्या.

"गुरुजी, हा दगड मी घातलेला नाही," तो हळूच म्हणाला. "हा आपल्या नळातून आला आहे. घरात लिंबू असेल तर द्या."

त्याने एका खपलीवर लिंबाचा रस पिळला. खपली फसफसली आणि तिच्यावर बारीक बुडबुडे आले. "संगमरवरी फरशीवर लिंबू सांडले, की ती याच कारणाने खराब होते," तो म्हणाला. "दोन्हींत पदार्थ एकच आहे, कॅल्शियम कार्बोनेट. गुरुजी, दुः अधिक फेन, दुष्फेन. ही संधी तुम्हीच आम्हांला फळ्यावर सोडवून दाखवली होती."

मी खाली पाहिले. शब्द मी शिकवला होता; परंतु ते पाणी काय करते, याचा विचार कधी केला नव्हता.

मग त्याने मला सारे समजावून सांगितले. पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. हवेतून खाली येताना आणि पुढे मातीत मुरताना त्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळतो व ते किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत असता खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्याबरोबर घेते. विरघळलेली साखर दिसत नाही, त्याप्रमाणे हे क्षारही दिसत नाहीत. त्यांच्याशी साबणाची गाठ पडली, की फेसाऐवजी साका तयार होतो. म्हणून ते पाणी दुष्फेन. पावसाच्या पाण्यात फेस चटकन होतो, ते सुफेन.

दुष्फेन पाणी तापले, की त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेल्या कॅल्शियमचा पुन्हा दगड होतो. जिथे उष्णता अधिक, तिथे हा थर प्रथम धरतो. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट जाऊ शकत नाही. ती आतल्या आत तापत राहते आणि अखेर जळते. कपडे धुण्याच्या यंत्राचा हीटर, पाणी तापवण्याची किटली, वाफेची इस्त्री, शॉवरची बारीक छिद्रे या सर्वांची हीच गत होते.

आता एक हिशेब करा. पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि गीझरमधून रोज १०० लिटर पाणी जाते असे समजा. दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ११ किलो क्षार त्यातून जातात! त्यांतील अल्पसा भाग आत राहिला, तरी पुरे. असे पाणी पिण्याने सहसा अपाय होत नाही. कॅल्शियम शरीराला हवेच असते. तरीही भारतीय मानक ब्यूरोने २०१२ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही कठीणपणाची मर्यादा घालून दिली आहे. दुसरे पाणी नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

यावर उपाय आहेत. गीझर बेताच्या तापमानावर ठेवावा, वर्षातून एकदा जाणकाराकडून कॉइल साफ करून घ्यावी, किटलीतील थर लिंबाच्या सत्त्वाने काढावा, पावसाचे पाणी साठवावे. आणखी एक नवल ऐका. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे सुंदर स्फटिक सापडतात. झिओलाइट पाण्यातील कॅल्शियम ओढून घेतो व बदल्यात सोडियम देतो. म्हणून कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालतात.

त्या संध्याकाळी मी त्याच शेजाऱ्यांच्या घरी पुन्हा गेलो. ती पांढरी खपली मी बरोबर नेली होती. ती त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "दोष त्या मुलाचा नव्हता. चूक माझी होती."

स्वाध्याय

१. लेखकाने तरुणावर संशय का घेतला? तो कसा दूर झाला?
२. संधी सोडवा : दुष्फेन, निष्फळ, दुष्परिणाम.
३. पावसाचे पाणी व नळाचे पाणी दोन बाटल्यांत घ्या. दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. काय दिसते, ते पाच ओळींत लिहा.