कमरेचा एमआरआय काढण्याआधी

कंबर धरली की हल्ली पहिला विचार एमआरआयचा होतो. शेजारी, सहकारी, नातेवाईक सगळे एकच सांगतात, ‘एकदा काढूनच टाका, म्हणजे संशय नको.’ कित्येक पेशंट तर डॉक्टरांकडे पहिल्यांदा येतात तेच फिल्मचा मोठा लिफाफा काखोटीला मारून. माझं म्हणणं असं, की साध्या कंबरदुखीत पहिल्या काही आठवड्यांत काढलेला एमआरआय बहुतेकदा संशय फेडत नाही, वाढवतो. आणि वाढलेल्या संशयापोटी नको ते उपचार, क्वचित नको ती ऑपरेशनंही होतात. या तपासणीत मणक्यांमधली गादी केवढी झिजली, कुठे फुगली ते स्वच्छ दिसतं. दुखतंय ते त्यामुळेच का, हे मात्र त्या चित्रावरून कळत नाही.

याचा पुरावा चांगला जुना आहे. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय त्यात काढले होते. निम्म्याहून अधिक लोकांची, ५२ टक्क्यांची, एक तरी गादी फुगलेली निघाली. २७ टक्क्यांची त्याहून पुढे जाऊन बाहेर सरकलेली होती. सगळ्या गाद्या ठीक असलेले होते फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या मंडळींतही ३७ टक्क्यांच्या गाद्यांची झीज आढळली. ऐंशीच्या घरात हा आकडा ९६ टक्क्यांवर गेला. आता पन्नाशीच्या माणसाच्या हातात ‘एल-फोर एल-फाइव्ह पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज’, म्हणजे गादी फुगलेली, असा रिपोर्ट पडतो. घरात त्याचा अर्थ ‘नस दबली’ असा लागतो. मग वाकणं बंद, चालणं बंद, कमरेला कायमचा पट्टा. स्नायू वापराविना ढिले पडतात आणि चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरलं असतं ते दुखणं मुक्कामाला राहतं. रिपोर्टच्या तळाशी बहुधा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवलेलं असतं. म्हणजे फिल्म वाचणारा तज्ज्ञ स्वतःच सांगत असतो, की पेशंटला तपासल्याशिवाय यावरून काही ठरवू नका. ती ओळ कोणी वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मग काढला तर बिघडलं कुठे?’ हा प्रश्न हमखास येतो. किरणांचा धोका नाही हे खरंच. नुकसान होतं ते वर सांगितलेल्या भीतीने, आणि काही हजार रुपये जातात ते वेगळेच. दुसरी शंका जास्त वजनदार आहे: थांबलो आणि आत काही गंभीर निघालं तर? म्हणूनच न थांबण्याची लक्षणं पाठ असावीत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी होऊन गेलेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, दीर्घकाळ चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांतही तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही होतो, तेव्हा संध्याकाळचा बारीक ताप आणि हटता न हटणारी पाठदुखी एकत्र आली तर मी स्वतः एमआरआयचाच आग्रह धरेन.

ही लक्षणं नसतील तेव्हा आधी हाताने केलेली तपासणी हवी. डॉक्टर उताणं झोपवतात, गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलतात. कळ कमरेतच राहते की गुडघ्याखाली पोटरीपर्यंत धावते, हे बघतात. पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला सांगतात, टाचांवर चालवतात, मग चवड्यांवर, आणि घोट्यामागे हातोडीने हलकेच ठोकून पाहतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण कुठली नस त्रासात आहे याचा अंदाज त्यातून येतो. एवढं झाल्यावर एमआरआय सांगितला तर जरूर काढावा, कारण तेव्हा फिल्ममध्ये नेमकं काय शोधायचं ते ठरलेलं असतं. पलंगावर न झोपवताच चिठ्ठी लिहून दिली, तर ‘या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलेल?’ असं नम्रपणे विचारावं. ते विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. २००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, सोसलेल्या २८३ पेशंटांचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला औषधं देऊन थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, पण बाकीच्यांचं त्यावाचून भागलं, आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. म्हणून सर्जनला स्पष्ट विचारावं: माझं मुख्य दुखणं पायात आहे की कमरेत? ज्या बाजूची नस फिल्ममध्ये दबलेली दिसते, त्याच बाजूला मला कळ येते का? पायाची ताकद शाबूत असताना आणखी सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल? नुसत्या कमरेच्या दुखण्यासाठी, केवळ फिल्म दाखवून ऑपरेशनची तारीख दिली जात असेल, तर तीच फिल्म घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जावं, आणि त्यांना पहिल्याचं मत आधी सांगू नये.