गाळाचा हिशेब कसा करायचा?

मागच्या बैठकीत नर्मदेवरून वाद झाला. एक म्हणाला, "सरदार सरोवराने सगळा गाळ अडवला." दुसरी म्हणाली, "छे, पाऊसच कमी झाला असेल." मी गप्प बसलो, कारण असा वाद तोंडी मिटत नाही, त्याला नोंदी लागतात.

नोंदी आहेत. धरणाखाली गरुडेश्वरला केंद्रीय जल आयोगाचं केंद्र आहे. तिथे पाण्याची पातळी आणि विसर्ग मोजतात, पाण्याचे नमुने घेऊन त्यातला गाळही मोजतात. पातळी म्हणजे विसर्ग नव्हे, हे आधी पक्कं करा. विसर्ग म्हणजे पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग. ऐन पुरात वेग मोजणं अवघड, म्हणून जुन्या मोजण्यांवरून पातळी आणि विसर्गाचा आलेख बांधतात. पुराने तळ खरवडला की तो आलेख पुन्हा बांधावा लागतो.

आता गाळ. विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) गुणिले गाळ (मिलिग्रॅम प्रति लिटर) गुणिले ०.०८६४, की दिवसाचे टन मिळतात. सरावासाठी मनचे आकडे घेऊ. हिवाळ्यात विसर्ग २००, गाळ २०: साधारण ३४६ टन. पुरात विसर्ग १०,०००, गाळ १,०००: ८,६४,००० टन. म्हणजे पुराचा एक दिवस हिवाळ्याच्या अडीच हजार दिवसांइतका! महिन्यातून एकदाच बाटली भरणाऱ्याचा तो दिवस हुकला, तर वर्षाचा हिशेबच गेला. शिवाय पूर चढताना आणि उतरताना विसर्ग सारखाच असला तरी गाळ सारखा नसतो. बहुधा चढत्या पाण्यात जास्त असतो.

आता त्या वादाकडे. आडव्या अक्षावर वर्षावर्षाची पाण्याची बेरीज चढवत जा, उभ्या अक्षावर गाळाची. नुसता पाऊस कमी झाला असेल, तर रेघ साधारण त्याच दिशेने जाते, फक्त पावलं लहान पडतात. धरणाने गाळ अडवला असेल, तर रेघ मोडून आडवी होऊ लागते. ती कोणत्या वर्षी मोडली ते पाहा. दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, पण भिंत त्याच्या कितीतरी आधीपासून पाणी अडवत होती. त्यामुळे २०१७ वरच बोट ठेवू नका.

तुलनेसाठी वरचं मंडलेश्वर घ्या. मात्र त्याच्याही वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत, तेव्हा तीही मोकळी नदी नाही. आणि तळाशी घरंगळत जाणारी वाळू या बाटलीत येतच नाही. तिचा हिशेब वेगळा.