पिळाचा हिशोब

पुणे, १४ जुलै

चि. सई,



परवा फोन मध्येच कट झाला, पण तुझी तक्रार कळली. इकोआरव्ही एन्झाइमने तासाभरात प्लाझ्मिड पुरतं कापलं जात नाही, जेलवर न कापलेला बँड उरतोच, आणि सर म्हणतात एन्झाइम तिप्पट घाल. घालून बघ हवं तर. पण एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये येतं, आणि एन्झाइमचं द्रावण एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शापलीकडे गेलं की हा गडी नको तिथेही कात्री चालवतो. शिवाय तिपटीने काम झालंच, तरी आधी का अडलं होतं ते तुला कळणार नाही ते नाहीच.

ट्यूबवर युनिट लिहिलेलं असतं, ते कशावर मोजतात ते कधी वाचलंस? बहुतेक एन्झाइमांचं एक युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम लॅम्डा डीएनए ३७ अंशांवर एका तासात पूर्ण कापेल एवढं एन्झाइम. लॅम्डा म्हणजे ४८,५०२ बेस-जोड्यांचा लांबलचक धागा, टोकं मोकळी. तुझं प्लाझ्मिड, पीबीआर३२२, गोल आहे, ४,३६१ जोड्यांचं. साडेदहा जोड्यांना एक वेढा धरला तर त्यात ४१५ वेढे हवेत. बॅक्टेरियातून काढलेल्या प्लाझ्मिडात ते साधारण सहा टक्के कमी भरतात, म्हणजे पंचवीसएक वेढ्यांची तूट. टोकच नाही म्हटल्यावर ती तूट सुटणार कुठून? मग सगळं वर्तुळ स्वतःभोवतीच गुंडाळून बसतं. आपल्या जुन्या टेलिफोनची वायर आठवते ना, तशी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आजी म्हणायची. इथे उलटं आहे. दोन धाग्यांपैकी एकात कुठेही एक खाच पडली की सगळा पीळ क्षणात सुटतो. जेलवर सगळ्यात मागे रेंगाळणारा बँड बहुधा त्याचाच असतो. तुझा ‘न कापलेला’ बँड नेमका कुठला, ते आधी बघ.

काही एन्झाइमांना अशा पिळलेल्या डीएनएसाठी जास्त युनिटं लागतात. आपण पुस्तकात सब्स्ट्रेट म्हणजे नुसती संहती शिकतो. एन्झाइमच्या वेगाच्या मायकेलिस आणि मेंटेन यांच्या समीकरणात रेणू ताणलेला आहे की वळलेला, याला जागाच नाही. पण डीएनए म्हणजे कागदावरची अक्षरं नव्हेत. ती वस्तू आहे, तिला वाकवायला बळ लागतं.

ॲम्स्टरडॅमच्या एका गटाचा २००५ मधला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी एकेक डीएनए रेणू दोन्हीकडून धरून ताणला आणि त्यावर कापणारी एन्झाइमं सोडली. ताण वाढवत नेला, तसतसा इकोआरव्हीचा वेग घसरत गेला. बॅमएचवन मात्र ढिम्म, त्याला काही फरकच पडेना. कारण ऐकशील तर हसशील. इकोआरव्ही कापण्याआधी डीएनएला सुमारे ५० अंशांनी वाकवतं, बॅमएचवन वाकवत नाही. ताणलेली दोरी वाकवायची तर टोकं जवळ ओढावी लागतात, आणि त्याची किंमत मोजावी लागते. किंमत किती? तुझ्या ट्यूबमधल्या उष्णतेच्या धडपडीची ऊर्जा साधारण ४ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. म्हणजे १० पिकोन्यूटनांच्या ताणाविरुद्ध टोकं ०.४ नॅनोमीटर जवळ आणली की तेवढी ऊर्जा खर्ची पडली. एका बेस-जोडीची उंची ०.३४ नॅनोमीटर असते, यावरून अंदाज घे.

त्याआधी २००० साली बर्कलीत टी७ फाजच्या डीएनए विणणाऱ्या एन्झाइमवर, पॉलिमरेजवर, असंच पाहिलं होतं. साच्याचा धागा ३४ पिकोन्यूटनांच्या आसपास ताणला की नवा धागा विणणं थांबतं. ४० च्या वर गेलं की तेच एन्झाइम उलटं फिरून स्वतःचं विणलेलं उसवायला लागतं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता.

टोकांचंही लक्षात ठेव. मी एकदा प्रायमरमध्ये कापायची जागा अगदी काठावर ठेवली, पुढे एकही जास्तीचा बेस नाही. एन्झाइमला बूड टेकवायला जागाच नव्हती. तीन आठवडे मी बफर बदलत बसले.

आता काम सांगते. मिनीप्रेपमध्ये इथेनॉल राहिलं असेल तर वरचं सगळं व्यर्थ, म्हणून ते आधी तपास. मग प्लाझ्मिडचे दोन भाग कर. एक तसाच ठेव, दुसरा पीएसटीवन या दुसऱ्या एन्झाइमने कापून सरळ कर आणि स्वच्छ करून घे. दोन्हीत डीएनए सारखाच, इकोआरव्ही सारखंच, बफरही तेच. ५, १०, २०, ४० मिनिटांनी थोडं थोडं काढून लगेच थांबव. सरळ केलेल्यातून सुमारे ३,४०० आणि ९४० जोड्यांचे दोन बँड यायला हवेत. दोन्हींचा वेग सारखाच निघाला तर पिळाला दोष देऊ नकोस, दुसरीकडे शोध.

जेलचा फोटो पाठव, मार्करच्या लेनसकट. मागच्या वेळी ती कापून फोटो पाठवला होतास. आणि वहिनी सांगत होती, तू रात्री मेसमध्ये जातच नाहीस म्हणून. इन्क्युबेशनच्या त्या तासात जेवून येत जा.

तुझी,
आत्या