क्रमांक नसलेले पिस्तूल

शस्त्रावर कोरलेला क्रमांक ही त्या शस्त्राची ओळख होय. लष्करी भांडाराच्या नोंदवहीत जवानाच्या नावापुढे हाच आकडा लिहिला जातो. दुसऱ्या महायुद्धातील पिस्तुले जमविणारे परदेशी संग्राहकही प्रथम क्रमांकच पाहतात. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या लहान सुट्या भागांवरदेखील क्रमांकाचे शेवटचे आकडे असत आणि ते सर्व जुळले, तर पिस्तुलाचे मोल वाढते. मात्र त्याच युद्धात एक पिस्तूल असे निघाले, की ज्यावर क्रमांक घातलाच गेला नाही.

ते म्हणजे अमेरिकेचे ‘लिबरेटर’. शत्रूने व्यापलेल्या देशांतील प्रतिकारकांना काहीतरी शस्त्र मिळावे, या हेतूने ते १९४२ साली बनविण्यात आले. इंडियाना राज्यातील अँडरसन येथे मोटारींचे दिवे तयार करणारा जनरल मोटर्सचा एक विभाग होता. तेथे थोड्या महिन्यांतच सुमारे १० लाख नग तयार झाले. गुप्ततेसाठी कागदोपत्री त्याला प्रकाशबाण सोडण्याचे साधन म्हणत. ठोकून आकार दिलेला पोलादी पत्रा, साधी नळी, अवघे २३ भाग आणि नगामागे दोन डॉलरांहून थोडा अधिक खर्च, असा हा मामला होता. नळीच्या आत पेचदार खाचा नसल्याने काही पावलांपलीकडे नेम धरणे व्यर्थ होते. एका वेळी एकच गोळी सुटे आणि रिकामे काडतूस लाकडी काडीने ढकलून काढावे लागे. एक पिस्तूल जोडण्यास लागे त्याहून ते पुन्हा भरण्यास अधिक वेळ लागे, असे संग्राहक गमतीने सांगतात. पेटीत १० काडतुसे, ती काडी आणि कृती दाखविणारा चित्रांचा कागद असे. त्या कागदावर एकही शब्द नव्हता, कारण पेटी कोणत्या भाषेच्या माणसाच्या हाती पडेल, हे ठाऊक नव्हते.

जे शस्त्र परत जमा व्हावयाचे नव्हते, त्याला नोंदीचा आकडा कशास हवा? शिवाय ते शत्रूच्या हाती पडले, तरी त्यावरून माग लागू नये, हाही हेतू होता. प्रत्यक्षात युरोपात फार थोडी पिस्तुले पोहोचली, काही चीन व फिलिपिन्सकडे गेली आणि उरलेली बहुतेक पुढे नष्ट करण्यात आली. म्हणूनच आज ती दुर्मिळ आहेत.

क्रमांक नाही, कारखान्याचे नाव नाही. मग अस्सल नग ओळखावा कसा? मूळ पेटी, काडी आणि चित्रांचा कागद यांना पिस्तुलाइतकेच महत्त्व येते, ते यामुळेच. अलीकडे अमेरिकेत तयार झालेल्या प्रतिकृतींच्या नळीत खाचा असतात आणि त्यांवर क्रमांकही असतो, कारण तेथील १९६८ च्या कायद्याने उत्पादकांवर क्रमांकाचे बंधन घातले आहे. त्यापूर्वी क्रमांकाविनाच तयार झालेले शस्त्र केवळ तेवढ्यामुळे तेथे बेकायदा ठरत नाही. असलेला क्रमांक घासून काढणे हा मात्र गुन्हा आहे. हा भेद तेथील संग्राहक जपतात.

आपल्याकडे या भेदावर विसंबून राहता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ अन्वये ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकण्यास वा हस्तांतरित करण्यास मनाई आहे. असे शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच ते चिन्ह नाहीसे केले, असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. आजोबांच्या पेटाऱ्यात जुने पिस्तूल सापडल्यास ‘यावर आकडा पहिल्यापासूनच नव्हता’ एवढे म्हणून भागत नाही. कलम ४५ मधील सवलत कालबाह्य वा पुराणवस्तूचे मोल असलेल्या शस्त्रांना आहे खरी, परंतु ती दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नाहीत, अशीच असावी लागतात. केवळ जुनेपणा पुरेसा नाही. असे शस्त्र आढळल्यास ते हाताळून वा चालवून न पाहता नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवावे. ज्याचा परवाना संपला आहे वा परवानाधारक मृत झाला आहे, असे शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे.