शरदातील नदी आणि गळ

आश्विन लागला की दिल्लीच्या हवेतील दमटपणा ओसरतो आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागते. याच सुमारास तेथील काही हौशी मंडळी गळाची काठी झटकून साफ करतात. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार. सुट्टीच्या आदल्या रात्री दोघे मित्र निघतात, ते थेट गढवालच्या डोंगरांकडे. यमुना उशाशी असताना इतक्या दूर कशासाठी जायचे?

याचे उत्तर दिल्लीतच आहे. आग्रा कालव्यासाठी ओखला येथे यमुनेवर बंधारा बांधला गेला आणि १८७४ मध्ये कालवा सुरू झाला. ब्रिटिश अमदानीत त्या बंधाऱ्यापाशी गळ टाकण्यास हौशी लोक जात. आज वझिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या दोन टक्केही भरत नाही. परंतु तिच्यात सर्वाधिक घाण मिसळते ती येथेच. मासे तगून राहावेत यासाठी लिटरभर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा सरकारी निकष आहे. वझिराबादच्या खाली नजफगढ नाला मिळाल्यावर तो कित्येकदा शून्याजवळ येतो. मग गळ टाकायचा कोणासाठी?

पौडी जिल्ह्यात व्यासघाट येथे नयार नदी गंगेला मिळते. पावसाळ्यात महसीर मासे अंडी घालण्यासाठी गंगेतून नयारमध्ये चढतात. पाऊस सरला, गढूळ पाणी निवळले की ते पुन्हा गंगेकडे उतरू लागतात. म्हणून गळवाल्यांना शरद ऋतू प्रिय. परवाना मात्र आधी काढावा लागतो.

या पद्धतीत गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. गळाभोवती पिसे व धागा गुंडाळून किड्याचे सोंग तयार करतात. त्याला वजन असे नसतेच. म्हणून दोरी जाड व जड असते आणि तीच त्या पिसाला वाहून नेते. काठी मागे नेऊन क्षणभर थांबावे लागते. दोरी पाठीमागे पूर्ण उलगडली की मगच पुढे झोकायची. नवशिक्याची फजिती बहुधा या क्षणभराच्या थांबण्यातच होते. सोबत्याची गरज येथेच कळते. एकजण पाण्यात उभा असताना दुसरा काठावरून माशाची सावली हेरतो, निसरड्या गोट्यांवर हात देतो, आणि कधी पाठीमागच्या झुडपात अडकलेली दोरीही सोडवतो!

सोनेरी महसीर आज संकटग्रस्त मानला जातो. धरणांनी त्याची वाट अडते, वाळू-गोट्यांच्या उपशाने अंडी घालण्याची जागा नष्ट होते. महाराष्ट्रातही महसीराची एक जात आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून. महाडजवळच्या वाळण कोंडीत तर देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी धरीतच नाही.

व्यासघाटच्या पाण्यात हे दोघे मासा धरतात, पण ठेवून घेत नाहीत. गळाचा उलटा काटा त्यांनी आधीच दाबून बोथट केलेला असतो. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात भिजवून मगच माशाला स्पर्श करायचा. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला अलगद आधार द्यायचा. कल्ले संथपणे हलू लागतात, शेपटीत जोर येतो आणि हातातून तो आपणहून निसटतो.